पदर लागला असंल

रात्रभर कोसळून पहाटे पावसानं जरा दम खाल्ला होता, पण उघडीप म्हणावी अशी नव्हती. कार्ल्याचा डोंगर कमरेपासून वर धुक्यानं गिळला होता आणि हायवेवरच्या गाड्या दिवे लावून रांगत होत्या. समीक्षा शिडीवर उभी राहून माडीच्या पत्र्यावर पेंढा पसरत होती. जुना पेंढा पाण्यानं कुजून काळा पडला होता. तो तिनं हातानंच ओढून खाली फेकला, नवा अंथरला, वर ताडपत्री ओढली आणि कोपऱ्यांवर जुने टायर ठेवले. पत्रा उघडा राहिला की पावसाचा थेंब न् थेंब माडीवरच्या तिच्या रेकॉर्डिंगच्या खोलीतल्या माइकात ताशा वाजवतो. दर पावसाळ्यात हे काम तिचंच असे.

आज मात्र त्याची काही गरज नव्हती. न्याहारीच्या सुमाराला चुलतदीर निलेश टेम्पो घेऊन येणार होता आणि खोलीतलं सगळं मशीन उचलून सोमाटण्याला नेणार होता. हे ठाऊक असून ती पेंढा पसरत होती, आणि टायर असे आदळत होती की खाली झोपलेला नवरा जागा झालाच पाहिजे. प्रितम तळेगावच्या कंपनीतली रात्रपाळी करून आत्ताच आडवा झाला होता. तो काही उठला नाही. किंवा उठला आणि डोळे मिटून पडून राहिला. तिला दुसरंच खरं वाटत होतं.

"अगं हळू," खालून सासू शालूबाई म्हणाली. "पत्रा हाय त्यो. कुणाचं टाळकं न्हाई."

"टाळकं असतं तर बरं झालं असतं, आत्या."

शालूबाईनं वर बघितलं आणि शेणाची पाटी उचलून ती गोठ्याकडं वळली.

समीक्षा मूळची पवनानगरची. तिचा बाप हौशीराम लग्नकार्याला लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा. घरात पोरगा नव्हता, म्हणून जीपमध्ये कर्ण्यांच्या शेजारी पोरगी बसायची. इतर पोरी सागरगोटे खेळत त्या वयात हिला कुठली वायर कुठं जाते ते पाठ होतं. नवरदेवाच्या मामानं माइक हिसकावून घेतला की हौशीराम शांतपणे मागनं बटण कमी करायचा आणि लेकीला म्हणायचा, "आवाज म्हंजी दूध बग. उतू जायच्या आधी आच कमी करायची. गेल्यावर फुकून काय उपेग?"

ती लग्न होऊन कार्ल्यात आली. लॉकडाऊनमध्ये लग्नं बंद पडली, हौशीरामानं कर्णे मोडीत काढले आणि उरलेले चांगले माइक लेकीकडं पोचवले. दिवसभर घरात कोंडून पडलेली ही बाई मोबाइलवर बघून बघून शिकत गेली. माडीवरची भाताची खोली तिनं रिकामी केली, भिंतींना गोधड्या टांगल्या, कोपऱ्यांत कोंड्याची पोती रचली, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. चार माइक जोडायचा चार बटणांचा एक डबा, एक लॅपटॉप, मोठे स्पीकर, कानाला लावायचा हेडफोन. झाला स्टुडिओ.

पहिलं काम आलं लोणावळ्यातल्या एका चिक्कीवाल्याचं, रिक्षातून ओरडायची जाहिरात. मग हळदीची गाणी आली, मग बैलगाडा शर्यतीची. बैलाच्या मालकाला गाण्यात बैलाचं नाव हवं असतं आणि बैलापेक्षा स्वतःचं जास्त मोठ्यानं हवं असतं. "ताई, आमचं नाव वाढवा की जरा." समीक्षा नाव वाढवत नसे. नावाच्या वेळेला ढोलकी आणि बाजा थोडा खाली घेई. "वाढलं का?" "आता कसं, बैलाच्या डरकाळीवानी आलं." मालक खूश होऊन जाई. सगळ्यांनाच वर चढवलं तर कुणीच वर दिसत नाही, ही गोष्ट ती कुणाला सांगत बसली नाही. सांगून पटणारी गोष्ट नव्हती ती.

सासरा मारुती बाहेर ऐटीत सांगायचा, "आमच्या सुनंचा स्टुडिओ हाय." घरात मात्र त्याला खोलीतलं मशीन म्हणजे सुनेचा खेळ वाटायचा, भातुकलीसारखा. मारुती गावातल्या भजनी मंडळाचा म्होरक्या. गळा पहाडी आणि स्वभावही तसाच. आणि ज्या दिवसापासून हे सगळं बिघडलं तो दिवस त्याच्या मंडळाचाच होता.

तालुक्यात भजनाची स्पर्धा ठरली होती. आधी मोबाइलवर रेकॉर्डिंग पाठवायचं, त्यातली चांगली मंडळं बोलावणार. मंडळी माडीवर आली. समीक्षानं टाळकऱ्यांना गोधडीच्या आडोशाला लांब बसवलं, कारण टाळ कुणाचं ऐकत नाही, तो प्रत्येक माइकात घुसतो. पखवाज वाजवणारे सखारामबुवा खिडकीजवळ बसले. त्यांनी पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापली.

"बुवा, नेहमी वाजवता तसं दणकून वाजवून दाखवा. आत्ता लाजू नका, मग मागनं बेफाम होऊ नका."

"लगीन झाल्यापास्नं कुणी लाजू नका म्हणलं न्हवतं मला," बुवा म्हणाले आणि त्यांनी असा हात टाकला की कोंड्याची पोती हलली.

तिनं एकेका माइकाचं बटण फिरवून आवाज बसवला. लॅपटॉपवरच्या हिरव्या पट्ट्या उड्या मारायच्या, पिवळ्याला हात लावून परत यायच्या. लाल तर लांबच. वर मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली. माणसं रंगात आली की आवाज आपसूक चढतो, त्याचं डोकं आढ्याला लागू नये एवढी. लागलं तर वरचा भाग कापला जातो आणि आवाज फाटतो. रेकॉर्ड होतानाच फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. मागनं कमी केला तर फाटकाच बारीक ऐकू येतो.

मंडळाला मात्र बटण मधेही थांबवता येतं हेच ठाऊक नव्हतं. देवळातल्या ॲम्प्लिफायरची सगळी बटणं कधीकाळी कुणीतरी शेवटपर्यंत फिरवून वर चिकटपट्टी मारून टाकलेली. कर्ण्याचा आवाज हायवेपलीकडच्या वस्तीवर पोचला पाहिजे. नाही पोचला तर दुसऱ्या दिवशी वस्तीवरचे विचारतात, काल भजन न्हवतं काय?

तिनं रेकॉर्डिंग चालू केलं आणि मारुती म्हणाला, "समीक्षा, मंडळीस्नी च्या टाक आधी."

"आबा, एक अभंग हुं द्या की, मग टाकते."

"घसं शेकल्याबिगर गातील व्हय? जा."

शालूबाई भाताच्या आवणीला रानात गेलेली. समीक्षा उठली. मशीन चालूच राहिलं.

आणि मंडळींनी तिची वाट बघितली नाही. खाली चुलीपुढं बसून ती ऐकत होती. वर पखवाज सुरू झाला, मारुतीचा गळा लागला, आणि तिच्या लक्षात आलं की आज काही वेगळंच चाललंय. एवढी वर्षं ती ह्या लोकांचं भजन ऐकत होती, पण असं नाही. कपांचं ताट घेऊन ती जिन्यानं वर आली. मारुतीचे डोळे मिटलेले, बुवांच्या कपाळावर घाम, टाळकरी झुलतायत. आणि लॅपटॉपवर सगळ्या पट्ट्या लालभडक, वर जाऊन थिजलेल्या. खाली यायचं नाव नाही.

तिनं ताट जमिनीवर ठेवलं आणि गुडघ्यांवर सरकत डब्यापाशी गेली. चारी बटणं शेवटाला टेकलेली. तिनं ती मागं आणली खरी, पण तोवर अभंग संपत आला होता.

"परत घेऊ या आबा, एकदा."

"परत?" मारुतीनं डोळे पुसले. "आता ह्यापरीस चांगलं काय व्हनार?"

"बटणं कुणी फिरवली?"

मंडळी कपांकडं वळली. मग मारुतीचा पुतण्या निलेश, जो सोमाटण्यात डीजेवाल्यांबरोबर फिरायचा आणि त्या दिवशी हौसेनं आला होता, कप उचलत म्हणाला, "पदर लागला असंल, वैनी."

मंडळी हसली आणि चहा प्याली.

मारुतीनं तिला न विचारता तेच रेकॉर्डिंग पाठवून दिलं. तिकडून निरोप आला, हे भजन हाय का पिठाची गिरणी? झालं. गाव काही बोलायचं थांबतं का? दुकानात, एसटीच्या थांब्यावर, गिरणीत सुद्धा तेच. सुनेचा पदर लागला आन मारुतीचं भजन फाटलं. दळणाला गेलेल्या समीक्षाला एका म्हातारीनं पदर खोचून दाखवला, प्रेमानं, "असा खोचत जा गं बाई." तिनं पिठाचा डबा उचलला आणि घरी येऊन तो फरशीवर आदळला. त्या दिवशी तर ती साडीत नव्हतीच. गाऊनवर टॉवेल टाकून बसली होती. ते तरी कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर टॉवेल लागला असता.

मग मारुतीनं जाहीर केलं, मशीन निलेश नेणार. बाप्याच्या हातात असलेलं बरं. "निलेश काय परका हाय? मशीन घरातच ऱ्हातंय की."

तिनं प्रितमला विचारलं. तो म्हणाला, "आबांच्या पुढं मी काय बोलू? तुझं तू बघ."

ते बघायलाच ती आता पत्र्यावरून उतरून खोलीत आली होती. आपली केलेली कामं तरी काढून घ्यावीत म्हणून तिनं पेनड्राइव्ह लावला. हळदीची गाणी, बैलांची गाणी, एका आमदाराच्या वाढदिवसाचं गाणं. शेवटी ते भजन. पुन्हा एकदा त्या फाटक्या आवाजाकडं बघून जळायचं म्हणून तिनं ते उघडलं. पखवाजाच्या पहिल्या थापेपासून पुढं सगळं विळ्यानं सपाट छाटल्यासारखं दिसत होतं. तिनं नेहमी तिथूनच ऐकलं होतं. त्याच्या आधी एक लांबलचक बारीक रेघ होती, नुसती खुसपुस. तिला वाटे, मंडळी बसताना झालेली खुडबुड असेल.

तिनं हेडफोन लावला आणि ती खुसपुस वर उचलली. आणखी वर.

जिना उतरणारी तिची स्वतःची पावलं ऐकू आली. मग निलेश.

"गेली का? आबा, ह्या पट्ट्या बगा. निम्म्यावरबी न्हाईत. असला मिणमिणता आवाज कोण ऐकंल?"

मग सखारामबुवा. "पोर म्हणली तसं ऱ्हाऊ दे की. तिला इचार."

"बाईमाणूस भितं, बुवा. गॅसबी बारीक ठिवत्यात."

हसणं. मग मारुती. त्याचा आवाज ओळखायला तिला हेडफोनची गरज नव्हती.

"फिरव पुरतं. देवळात फिरवतो तसं. हाताला लागंल तितं थांबव."

खर्र. खर्र. खर्र. खर्र. चार बटणं. मग निलेश, कुजबुजत.

"वैनी इचारतील."

"काय बी सांग. तिला कळू दिऊ नको, उगं रुसून बसंल. एकदा पोरगं झालं की जाईल हे खूळ आपसूक."

समीक्षानं हेडफोन काढला. निलेशवरचा राग तिला पेलला असता. तो होताच तसला. पण म्हाताऱ्यानं स्वतः बटण फिरवायला लावलं, स्वतः ते लपवलं, गाव तिच्या पदराला हसत असताना गप्प बसून ऐकलं, आणि वर त्याच पदराचं निमित्त करून मशीनही काढून घेतलं. एकदा तिला वाटलं, शेवटचं वाक्य तेवढं कापून टाकावं. तिचा हात माउसपर्यंत गेलाही. मग तिनं तो मागं घेतला. का कापायचं? तिनं बोललेलं होतं का ते?

खाली टेम्पोचा आवाज आला.

निलेश वर आला तोच वायरचं वेटोळं खांद्यावर टाकत. मागनं मारुती, हातात छत्री. सामान उतरवायला हात द्यावा म्हणून सखारामबुवाही आले होते. शालूबाई दाराशी थांबली, शेणाचे हात तसेच.

"वैनी, हे स्पीकर आधी काढू का लॅपटॉप?"

"थांबा, भावजी. मशीन न्यायचं म्हंजी चालू हाय का बगून न्या. मागनं म्हणाल बिघडलेलं दिलं."

तिनं मोठ्या स्पीकरवर लावलं. ती खुसपुस तिनं अगोदरच वर उचलून ठेवली होती, इतकी की त्या दिवशी निलेशनं गिळलेला आवंढा सुद्धा खोलीत ऐकू आला. गेली का. बाईमाणूस भितं. फिरव पुरतं. निलेशचा हात वेटोळ्यावरच राहिला. मारुतीनं छत्री भिंतीला टेकवली, ती घसरून पडली, त्यानं उचलली नाही. एकदा पोरगं झालं की जाईल हे खूळ आपसूक.

आणि मग अभंग आला. खुसपुसीसाठी चढवलेला आवाज तिनं कमी केला नव्हता. पखवाजाची पहिली थाप दगडासारखी येऊन भिंतीवर आदळली. गोधड्या थरथरल्या. मारुतीचा गळा, जो त्या दिवशी खरंच देवाचा झाला होता, त्याचं पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं काहीतरी झालेलं सगळ्यांच्या कानात घुसलं. प्रितम लुंगी सावरत जिना चढून आला आणि दारातच उभा राहिला. मारुतीनं दोन्ही कान दाबले.

"कमी कर."

समीक्षाचा हात स्पीकरच्या बटणावर होता. तिनं तो हलवला नाही.

"समीक्षा, कमी कर म्हणतोय ना."

"कशाला?" तिला ओरडूनच बोलावं लागलं. "पुरतं फिरव म्हणला होता न्हवं? हाताला लागंल तितं हाय आता. बगा लाल झालं का."

शेवटी शालूबाईनंच पुढं येऊन शेणाच्या हातानं प्लग उपटला. खोली एकदम मुकी झाली. पत्र्यावर पुन्हा पाऊस लागला होता, पण तो लांब कुठंतरी पडत असल्यासारखा वाटत होता.

"काकू, आमी आपलं—" निलेशनं सुरुवात केली.

"तू गप." शालूबाई नवऱ्याकडं वळली. "मला सांगत होता पदर लागला. मी गावभर त्येच सांगत फिरले. आवणीतल्या बायास्नी सांगितलं. माज्या तोंडानं माज्याच सुनंला हसं केलं तुमी."

"भजनाच्या भरात झालं ते."

"भरात? भजन सुरू व्हायच्या आधी झालं की. ऐकलं न्हवं आत्ता?" तिनं जरा श्वास घेतला. "आन पोरगं झालं की खूळ जाईल म्हणं. तुमाला पोरगं झालं तवा तुमचं भजन सुटलं का?"

दारातल्या प्रितमनं खाली मान घातली. तेच ते पोरगं.

समीक्षा सखारामबुवांकडं बघत होती. "बुवा, तुमी तर हितंच होता."

"व्हतो."

"तिला इचार म्हणला. ते ऐकलं मी. मग गावात सगळी हसत होती तवा का न्हाई बोलला?"

बुवांनी पंच्यानं तोंड पुसलं. "मंडळात मारुतीचा शब्द मोडत न्हाई पोरी कुणी. आन खरं सांगू का, हसायला मीबी व्हतो."

ह्या उत्तरानं तिचा राग कमी व्हायला हवा होता, माणूस खरं बोलला होता. पण झाला नाही. उलट वाढला. खरं बोलायला एवढं सोपं होतं तर इतके दिवस काय घशात कणीक अडकली होती?

तिनं निलेशच्या खांद्यावरचं वायरचं वेटोळं काढून घेतलं आणि खुंटीला अडकवलं.

"हितली एक वायर हलणार न्हाई," ती म्हणाली. "बंद करायचं तर मी बंद करीन. माज्या बापानं माइक मला दिलेत, आबा. मंडळाला न्हाई."

मारुतीनं पडलेल्या छत्रीकडं बघितलं. आयुष्यभर त्याचं ऐकायची सगळ्यांना सवय, त्यामुळं अशा वेळी काय बोलतात ते त्याला ठाऊक नव्हतं. प्रितम काही बोलेल म्हणून त्यानं एकदा दाराकडं बघितलं.

प्रितम घसा खाकरून म्हणाला, "आबा, ती म्हणतीय ते बराबर हाय." आणि बोलून झाल्यावर स्वतःच दचकला.

"टेम्पो मोकळाच ने, निलेश," मारुती म्हणाला. मग सुनेकडं न बघता, "स्पर्धेचं तर गेलंच. पण त्यो अभंग परत घ्यावा म्हणतो. मंडळी येतील. तू म्हणशील तवा."

"तसा परत न्हाई येणार त्यो."

"मला कळतंय ते."

"घेऊ. पण आधी मंडळीस्नी सांगा बटणं कुणी फिरवली. तुमी सांगा. आन मी चालू केलं की दाराला आतनं कडी. कुणाला घसा शेकायचा असंल त्यानं घरनं शेकून यायचं."

मारुतीनं मान हलवली की नुसती खाली घातली, हे तिला कळलं नाही. तो छत्री तशीच टाकून पावसात उतरला. बुवा छत्री घेऊन त्याच्या मागं गेले.

"त्यो काय सांगतोय," शालूबाई म्हणाली. "मीच सांगते. आता जातेच रानात, बाया हायत समद्या. माज्या तोंडानं गेलंय, माज्याच तोंडानं माघारी आणते." आणि हात न धुताच ती निघाली.

टेम्पो रिकामा खडखडत हायवेला लागला. समीक्षानं प्लगला लागलेलं शेण फडक्यानं पुसलं, स्पीकरचं बटण खाली आणलं, गोधड्या सारख्या केल्या. प्रितम अजून दारात घुटमळत होता.

"चिडलीस का अजून?"

"व्हय."

"आता मी बोललो की."

"आज बोलला. झोपा जा."

तो गेला. तिला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायला आता कुणी समोर उरलं नव्हतं. जिना उतरून ती स्वयंपाकघरात आली. चुलीवर उपड्या घातलेल्या बांबूच्या बुट्टीवर प्रितमचा कंपनीचा शर्ट वाळत पडला होता. एका बाजूनं धुराचा वास लागलेला, दुसरी बाजू अजून दमटच. तिनं एक ओलं लाकूड आत सारलं, फुंकणीनं फुंकर घातली आणि शर्ट उलटवला.